सापाबद्दल आपल्याला जे 'माहीत' असतं ते सिनेमा आणि गोष्टींतून किती आलंय?

माळावरची_बाई

नमस्कार मंडळी. मी सांगली जिल्ह्यात एका शाळेत पाचवी ते आठवीला मराठी शिकवते. गणपतीत आमच्या मंडळात पोरांचं एक नाटुकलं बसवायचं ठरलंय, विषय सर्पदंश, कारण पावसाळ्यात आमच्या भागात दरवर्षी कुणाला ना कुणाला पान लागतंच. लिहायला बसायच्या आधी मी वर्गात विचारलं की साप चावल्यावर काय होतं आणि तुम्ही काय कराल ते वहीत लिहा.

वह्या वाचल्या आणि झोप उडाली. तोंडाला फेस येतो, अंग निळं पडतं, दोन लाल ठिपके दिसतात, माणूस पाच मिनिटांत मरतो. उपाय म्हणजे ब्लेडने चीर द्यायची, तोंडाने विष ओढून थुंकायचं, वरती दोरी घट्ट आवळायची. एका मुलीने लिहिलंय की नागाला मारलं तर त्याच्या डोळ्यात मारणाऱ्याचा फोटो राहतो आणि नागीण तो बघून बदला घेते, म्हणून डोळे आधी ठेचायचे. तिला विचारलं कुठून कळलं तर म्हणाली टीव्हीवर पिक्चर लागलेला. दवाखाना हा शब्द फार थोड्या वह्यांत होता.

आता ही पोरं काही शहरातली नाहीत. वस्तीवर राहतात, धामण त्यांनी बांधावरून जाताना बघितलीय, विहिरीत दिवड बघितलीय. तरी लिहायची वेळ आली की समोर बघितलेला साप बाजूला राहतो आणि पडद्यावरचा पुढे येतो, हे असं का होतं? आणि दुसरा प्रश्न नाटुकल्याचा. नुसती माहिती सांगितली तर माणसं उठून जातील, आणि गोष्ट लिहायला घेतली की नागीण आणि बदला आपोआप येतोच. काय करू?

तालुक्याचा_डॉक्टर

बाई, तुमच्या वह्यांमधलं सगळं मला रात्री ड्युटीवर प्रत्यक्ष दिसतं. मी कोकणात ग्रामीण रुग्णालयात आहे.

तो फेस आणि निळं अंग यामुळे काय होतं ते सांगतो. लोक फेस यायची वाट बघतात. मण्यार चावलेल्या माणसाला पहाटे पोटात दुखतं, उलटी होते, घरचे समजतात अपचन झालं, ओवा देतात. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणात चावते, दुखत नाही, सुजत नाही, व्रण शोधूनही सापडत नाही कित्येकदा. मग हळूहळू पापण्या जड होतात, माणूस डोळे उघडायला बघतो आणि उघडत नाहीत, बोलणं जड होतं, थुंकी गिळता येत नाही, आणि नंतर श्वासाचे स्नायू थांबतात. माणूस शुद्धीत असतो, ऐकत असतो, फक्त हलू शकत नाही. वेळेवर ट्यूब टाकून मशीनवर घेतला तर बरा होऊन चालत घरी जातो. पण घरचे म्हणतात "साप चावला असता तर दोन ठिपके नसते का दिसले?" हे वाक्य ऐकून ऐकून मला पाठ झालंय.

घोणस आणि फुरसं यांचं उलटं. तिथे सूज येते, दुखतं भयंकर, आणि रक्त गोठायचं बंद होतं. आम्ही काय करतो, रोग्याचं थोडं रक्त एका स्वच्छ कोरड्या काचेच्या नळीत घेतो आणि ती वीस मिनिटं न हलवता टेबलावर ठेवून देतो. वीस मिनिटांनी नळी तिरकी करायची. रक्ताची गुठळी झाली असेल तर ती जागची हलत नाही. विष रक्तात गेलं असेल तर रक्त पाण्यासारखं सरळ वाहतं. आता विचार करा, ज्याचं रक्त असं वाहतंय त्याच्या पायाला कुणीतरी पिक्चर बघून ब्लेडने चीर दिलेली असते. ते रक्त थांबतच नाही. आणि दोरी आवळलेला पाय काळानिळा झालेला असतो, लोक म्हणतात विष चढलं, ते विष नसतं, दोरी असते.

नाटकात घालाल तर एक गोष्ट जरूर घाला. लहान मुलाला आणि मोठ्या माणसाला अँटिव्हेनमचा, म्हणजे सापाच्या विषावरच्या इंजेक्शनचा डोस सारखाच लागतो. वजनाप्रमाणे कमी करायचा नाही, कारण सापाने विष सोडताना समोर मूल आहे की बाप्या हे बघितलेलं नसतं. ही गोष्ट ऐकली की पालक एकदम लक्ष देतात असा माझा अनुभव आहे.

जुनी_पुस्तकं

माळावरची_बाई, तुमचा पहिला प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो म्हणून त्याबद्दल लिहितो.

प्रत्यक्ष दिसलेला साप दोन सेकंद दिसतो आणि गवतात जातो. त्याला सुरुवात नाही, शेवट नाही, तो का आला कुठे गेला काही कळत नाही. पडद्यावरच्या सापाला मात्र कारण असतं, त्याच्या जोडीदाराला मारलेलं असतं, त्याच्या येण्याला संगीत असतं आणि शेवटी हिशोब पूर्ण होतो. आपलं डोकं कारण असलेली गोष्ट धरून ठेवतं, नुसतं दृश्य सोडून देतं. म्हणून बांधावरच्या धामणीचं काहीच लक्षात राहत नाही आणि पिक्चरमधली नागीण राहते.

आणि हे फक्त आपल्या हिंदी पिक्चरवाल्यांनी केलं असं नाही हां. शेरलॉक होम्सची १८९२ची ती प्रसिद्ध गोष्ट घ्या, ठिपक्यांच्या पट्ट्याची. त्यात हिंदुस्थानातून आणलेला साप घंटेच्या दोरीवरून खाली उतरतो, शिट्टी ऐकून परत जातो आणि बशीतलं दूध पितो. म्हणजे लंडनमध्ये बसून वाचणाऱ्याला भारतातला साप कसा असतो ते या गोष्टीतून कळलं, आणि त्यातलं एकही खरं नाही. किपलिंग तर मुंबईत जन्मलेला माणूस. त्याच्या १८९४च्या 'जंगल बुक'मधल्या मुंगसाच्या गोष्टीत नाग मेल्यावर नागीण सूड घ्यायला निघते, आणि त्यातलं करैत नावाचं सापाचं पिल्लू धुळीच्या रंगाचं, मातीत पडून राहणारं आहे. करैत म्हणजे आपली मण्यार, ती काळी निळसर असते, अंगावर पांढरे पट्टे, आणि निघते रात्री. जाणकार म्हणतात त्याने वर्णन केलेला प्राणी फुरशासारखा आहे. गोष्ट अप्रतिमच आहे, मी आजही नातवाला वाचून दाखवतो, पण पिढ्यानपिढ्या जगभरच्या मुलांनी करैत म्हणून भलताच साप डोक्यात ठेवला.

आणि ती पुंगी! १९५४च्या नागीन सिनेमातली धून, वरातीत ज्यावर लोक रुमाल तोंडात धरून नाचतात ती. ती पुंगीवर वाजवलेलीच नाही. कल्याणजींनी क्लॅव्हिओलिन नावाच्या विजेच्या वाद्यावर आणि रवी यांनी हार्मोनियमवर वाजवलेली आहे. आज कुणालाही पुंगीचा आवाज कसा असतो विचारा, तो त्या वाद्याचा आवाज तोंडाने काढून दाखवेल. खरा गारुडी समोर वाजवायला लागला तर "हा काही नीट वाजवत नाही" असं म्हणणारे लोक मी बघितलेत. नकलेने असलाची जागा घेतली ती अशी.

रंगपेटी

मला हे सगळं सिनेमावर ढकलणं पटत नाही. चीर द्या, वर बांधा, विष ओढा हे सिनेमाच्या कितीतरी आधीचं आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात दंशाच्या वर बांधायला सांगितलंय, चीर द्यायला सांगितलंय, चोखायलाही सांगितलंय. माझी आजी कधी थेटरात गेली नाही, तिलाही साप डूख धरतो हे ठाम माहीत होतं. लोकांना सिनेमा आणि आयुष्य यातला फरक कळतो. हवेत उडणारी गाडी बघून कुणी आपली गाडी दरीत घालतं का?

तालुक्याचा_डॉक्टर

रंगपेटी, मुद्दा बरोबर आहे तुमचा आणि त्यात थोडी भर घालतो. सुश्रुतच कशाला, पाश्चात्य वैद्यकातही विसाव्या शतकात बराच काळ हेच शिकवत होते, ब्लेड आणि रबरी चोखणी असलेल्या सर्पदंशाच्या पेट्या दुकानात विकायला असायच्या. नंतर अभ्यास झाले, त्याने फायदा नाही उलट नुकसान आहे हे दिसलं, आणि वैद्यकाने ते सोडलं. पण सिनेमाने सोडलं नाही! कारण हिरो हिरॉइनच्या पायाला तोंड लावून विष ओढतो हे दाखवायला चांगलं दिसतं, आणि हिरो तिला गाडीत घालून ग्रामीण रुग्णालयात नेतो, तिथे नर्स सलाईन लावते, सगळे चार तास बाकावर बसतात, हे दाखवायला कुणाला आवडणार. म्हणजे शास्त्राने टाकून दिलेली गोष्ट पडद्याने जपून ठेवली. माझी तक्रार एवढीच आहे.

आणि उडणाऱ्या गाडीचं म्हणाल तर गाडी आपण रोज चालवतो, ती उडत नाही हे रोज कळतं. विषारी साप चावणं बहुतेकांच्या आयुष्यात एकदाही होत नाही. ज्या गोष्टीचा अनुभव नाही तिथे बघितलेलंच कामाला येतं, आणि त्या क्षणी घाबरलेला माणूस विचार करत बसत नाही, डोक्यात जे चित्र तयार आहे ते करतो. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने साधारण १२ लाख माणसं गेली असा अंदाज २०२०मध्ये प्रसिद्ध झाला, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,००० च्या आसपास. बहुतेक सगळी खेड्यातली. त्यातले किती उशिरामुळे गेले याचा विचार केला की मला शांत बसवत नाही.

बिळापाशी

सर्पमित्र आहे, साताऱ्याकडे. रात्री उशिरा टाइप करतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

रंगपेटी म्हणतात तसं समज जुनेच आहेत, पण आजकाल फोन येतो तेव्हा माणसं पिक्चरमधलंच बोलतात हे मी रोज ऐकतो. घरात साप निघाला, कुणीतरी मारला, आणि दोन दिवसांनी परत दुसरा निघाला की फोन येतो, दादा जोडीदार आलाय बदला घ्यायला. मी जाऊन बघतो तर मागच्या खोलीत धान्याची पोती, पोत्यांखाली उंदरांची बिळं, भिंतीला भगदाड. उंदीर आहेत तोवर साप येणारच, पहिला त्याच कारणाने आला दुसरा पण त्याच कारणाने आला. सापाला कोण कुणाला मारतंय हे लक्षात ठेवण्याएवढा मेंदूच नसतो आणि नाग नागीण असे काही जोडीने संसार करत नाहीत, मिलनाच्या काळात एकत्र येतात आणि आपापल्या वाटेने जातात. पण त्या घरातली बाई रात्रभर दिवा लावून बसलेली असते, पोरांना माहेरी धाडलेलं असतं, तिची भीती खरी असते ना हो. तिला तुम्ही येडी म्हणून चालत नाही. मी तिला बिळं दाखवतो, पोती फळीवर घ्यायला लावतो, भगदाड सिमेंटने बुजवून देतो आणि मगच निघतो.

दुधाचं पण तसंच. सापाला दूध पचत नाही. नागपंचमीला जो साप दूध पितो तो आधी कित्येक दिवस पाण्यावाचून ठेवलेला असतो, तहानेने काहीही पिईल. आणि त्याचे दात काढलेले असतात, कधी कधी तोंड शिवलेलं असतं, मी असे साप हातात घेतलेत, फार वाईट वाटतं बघून. १९७२च्या वन्यजीव कायद्याने साप पकडून खेळ करायला बंदी आहे, बत्तीस शिराळ्यात पण हायकोर्टाच्या आदेशानंतर जिवंत नागांच्या मिरवणुका थांबल्या.

मांत्रिकाचं कसं चालतं ते पण लिहितो. आपल्याकडे बहुतेक साप बिनविषारी. आणि विषारी चावला तरी प्रत्येक वेळी विष सोडतोच असं नाही. मग दहा माणसं मांत्रिकाकडे गेली त्यातली बरीचशी तशीही वाचणारच होती, ती वाचतात आणि गावभर सांगतात. जो मेला तो सांगायला येत नाही.

जुनी_पुस्तकं

बिळापाशी, शेवटची ओळ फार मोलाची लिहिलीत.

एक गोष्ट मला सांगाविशी वाटते ती नागपंचमीच्या कहाणीबद्दल, कारण बाईंच्या नाटुकल्याची वाट तिथे आहे असं वाटतंय. कहाणी आठवा. शेतकरी नांगरतोय, नांगराचा फाळ वारुळात जातो, नागाची पिल्लं मरतात. नागीण चिडते, शेतकऱ्याच्या घरातल्या सगळ्यांना दंश करते. मग त्याच्या लेकीला मारायला तिच्या सासरी जाते, तर ती पाटावर चंदनाने नाग काढून पूजा करत बसलेली. नागीण शांत होते, अमृत देते, लेक माहेरी येऊन सगळ्यांना जिवंत करते. आणि म्हणून त्या दिवशी नांगरायचं नाही, खणायचं नाही.

सिनेमाने यातला अर्धा भाग उचलला, बदल्याचा. उरलेला अर्धा, म्हणजे समेट, तो टाकला. कहाणीतला राग नांगराने झालेल्या चुकीवर आहे, ती चूक कबूल होते आणि जमीन एक दिवस तरी सापाला मोकळी सोडली जाते. ऐन श्रावणातली गोष्ट, पावसाने बिळात पाणी शिरून साप बाहेर पडतात तो हा काळ. ज्याने ही कहाणी रचली त्याला शेत माहीत होतं. त्यात विज्ञान शोधायला मी जाणार नाही, पण साप आणि शेतकरी एकाच जमिनीवर राहतात एवढं त्यात पक्कं आहे, आणि पिक्चरमधली नागीण डान्स करत हवेलीत येते तिथे शेतही नाही आणि पाऊसही नाही.

साहित्याने फक्त नुकसान केलंय असंही नाही ना. व्यंकटेश माडगूळकरांची 'सत्तांतर' वाचल्यावर मी वानरांकडे वेगळ्या नजरेने बघायला लागलो. त्याआधी माझ्या डोक्यात एकतर मारुती होता नाहीतर डोंबाऱ्याचं माकड. कादंबरीत टोळीचा जुना नर हरतो, नवा येतो, आणि पिल्लांचं काय होतं ते वाचताना अंगावर काटा येतो, आणि त्यांनी कुठेही माणसाचे गुण वानराला चिकटवलेले नाहीत. १९८२ची कादंबरी, तिला पुढच्याच वर्षी साहित्य अकादमी मिळाली. निरीक्षण करून लिहिलेली गोष्टसुद्धा तितकीच पकडून ठेवते, फक्त ती लिहिणारा आधी रानात जाऊन बसलेला लागतो. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांचं 'बॅरिस्टरचं कार्टं' पण मुलांना वाचायला द्या, विंचूदंशावर प्राझोसिन नावाचं औषध वापरून माणसं वाचवणारा डॉक्टर, हिरो म्हणून याहून मोठा कोण हवाय.

यारानदी

मेलबर्नहून लिहितेय. डॉक्टरांना एक विचारायचं होतं. इथे शाळेतच शिकवतात की साप चावला की अख्ख्या हातापायाला रुंद क्रेप बँडेज घट्ट गुंडाळायचं, काठी बांधायची आणि हलायचं नाही. माझ्या मुलाने भारतात आल्यावर आजोबांना तेच शिकवलं. ते तिकडे चालतं का?

तालुक्याचा_डॉक्टर

ताई, तिकडचे साप मुख्यतः नाग-मण्यारीच्या कुळातले, त्यांच्यासाठी ती पद्धत तिकडे बसवलेली आहे. आपल्याकडे घोणस आणि फुरसं आहे, त्यात दंशाच्या जागचं मांस आधीच खराब होत असतं, घट्ट बँडेजने ते आणखी बिघडू शकतं, शिवाय नीट गुंडाळायला सराव लागतो. म्हणून आपल्याकडे सामान्य माणसाला सांगायचं ते एवढंच की हाड मोडल्यावर बांधतो तशी काठी बांधून तो भाग हलू द्यायचा नाही. आवळायचं काही नाही. आजोबांना तेवढं कळवा.

माळावरची_बाई

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. दोन दिवसांत लिहून काढलंय, थोडक्यात सांगते.

स्टेजवर साप आणायचाच नाही असं ठरवलंय. मण्यारीचीच गोष्ट घेतली. पहाटेची वेळ, घरात सगळे जमिनीवर झोपलेत, मोठा भाऊ उठतो, पोटात दुखतं म्हणतो, आई ओवा देते. धाकटी बहीण बघते की याच्या पापण्या उघडत नाहीयेत, तो झोपेत आहे असं घरच्यांना वाटतं. मग घरात भांडण सुरू होतं, चुलता म्हणतो ठिपके कुठायत, आजोबा म्हणतात मांत्रिकाला बोलवा, एक पोरगा ब्लेड घेऊन येतो कारण त्याने पिक्चरमध्ये बघितलंय, आणि इकडे भाऊ बोलायचा प्रयत्न करतोय पण आवाज नीट फुटत नाहीये. भिंतीवर एक मोठं घड्याळ लावणार, पुठ्ठ्याचं, एक पोरगी त्याचे काटे पुढे सरकवत राहणार. शेवटी बहीण १०८ ला फोन लावते. डॉक्टरांची काचेची नळी मण्यारीत कामाची नाही हे लक्षात आलंय, म्हणून ती शेजारच्या खाटेवरच्या घोणस चावलेल्या बाईच्या वेळी दाखवणार.

ज्या मुलीने डोळ्यातल्या फोटोचं लिहिलं होतं तिलाच बहिणीचं काम दिलंय. फार मन लावून करतेय, संवाद पाठ झालेत तिचे. डॉक्टर, शेवटी बहीण काय काय करते ते बरोबर आहे का एकदा बघाल? भावाला झोपवते, हलू देत नाही, काठी बांधते, साप शोधायला चुलत्याला पाठवते म्हणजे डॉक्टरांना दाखवता येईल.

तालुक्याचा_डॉक्टर

छान झालंय, घड्याळ तर फारच. फक्त शेवटचं काढा. साप शोधायला कुणालाही पाठवू नका, त्या शोधाशोधीत दुसरा माणूस चावून घेतो आणि वेळ जातो तो वेगळाच. आपल्याकडे मिळणारं अँटिव्हेनम नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकत्रच बनवलेलं असतं, त्यामुळे मेलेला साप पिशवीत आणून आम्हाला दाखवायची गरज नाही. चुलत्याला दुसरं काम द्या, त्याला पुढे जाऊन वाटेवरचं फाटक उघडायला लावा आणि दवाखान्यात फोन करून विचारायला लावा की इंजेक्शन आहे का, व्हेंटिलेटर आहे का, नसेल तर थेट कुठे न्यायचं. तेवढ्याने अर्धा तास वाचतो.

आणि बहिणीने भावाच्या हातातली अंगठी, दंडाचा ताईत, करगोटा आधी काढायला हवं, सूज आली की ते मांसात रुततं. मण्यारीत सूज नसते तरी घालाच, बघणाऱ्यांना कुठला साप चावेल ते ठरलेलं नाही. झोपवताना पाठीवर नको, डाव्या कुशीवर, कारण गिळता येत नसलं की थुंकी आणि उलटी श्वासनलिकेत जाते. तोंडाने पाणी, चहा, ओवा काही नाही. प्रयोग कधी आहे ते कळवा, जमलं तर येतो.